भुतांचा वकील

त्यांच्या खिशात नेहमी कापलेलं अर्धं लिंबू असायचं. बोलता बोलता ते बाहेर काढायचे, बोटांना चोळायचे, नखांच्या कडांना लावायचे आणि परत खिशात टाकायचे. आमच्या गल्लीत ते नवे राहायला आले तेव्हा मला वाटलं, पित्ताची तक्रार असेल. मग घरच्यांनी सांगितलं की ते मोठ्या दवाखान्याच्या चीरघरात कामाला आहेत. चीरघर म्हणजे अपघातातले, जळालेले, विहिरीतून काढलेले मुडदे जिथं चिरून पाहतात ती खोली. डॉक्टर पाहायचा, कागदावर लिहायचा, हात धुवून निघून जायचा. मागं जे उरलं ते शिवून बंद करायचं काम या माणसाचं.

लिंबानं तो वास जात नाही हे त्यांनाही माहीत होतं. "वासासाठी नाई लावत, वयनी," म्हणायचे. "हात आपलेच हायेत का नाई, ते पाह्यतो. झोंबलं म्हणजे आपले."

त्यांना गल्लीत कोणी नावानं हाकच मारत नव्हतं. मोठी माणसं चीरघरवाला म्हणायची, पोट्टे मागून "भूत, भूत" ओरडून पळायचे. मी भाऊ म्हणायची. लग्न झालेलं नव्हतं. मुलगी पाहायला गेलं की काय काम करता ते विचारायचे, आणि हे सांगून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "सरकारी नोकरी हाय, इतकंच सांगा ना जी!" तर म्हणाले, "अन मंग पहिल्या रात्री तिनं हात हातात घेतला तर?"

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची. दारातच शिवणाचं मशीन टाकलेलं. पोलकी, परकर, पोरींचे फ्रॉक. आमच्या यांची गिरणी दोन दिवस चालायची आणि चार दिवस बंद राहायची, त्यामुळे घर त्या मशीनवरच होतं. अस्तर, दोरा, बटणं आणायला इतवारीच्या बाजारात जायचं, आणि बाकी दिवसभर पाय पायडलवर. एका दुपारी भाऊ येऊन पायरीवर उभे राहिले.

"वयनी, न दिसणारा टाका कसा घालतात?"

"काहून जी? पँट उसवली का?"

"नाई. माणूस."

माझा पाय थांबला. त्यांनी मात्र शांतपणे समजावलं. चीरघरात दाभण आणि सुतळी असते. वर्षानुवर्षं तशीच पद्धत. गळ्यापासून ओटीपोटापर्यंत गोणपाट शिवल्यासारखे मोठे मोठे टाके घालायचे, चादर ओढायची, की झालं काम. "पण माय येते ना हो पाह्याले. लेकराचं तोंड पाह्यते, मंग चादर सरकते, अन गळ्यापाशी ते दिसते. मंग तिले जन्मभर लेकरू नाई दिसत, टाकेच दिसते."

मी शिकवलं. आधी कापडावर. आतून दोरा घेऊन, कडेला धरून, घडीच्या पोटात लपवत न्यायचा टाका, जो मी नवरीच्या पोलक्याच्या बाहीला घालायची. ते पायरीवर बसायचे, मी आत. त्यांचा चहा वेगळ्या कपात असायचा, कान तुटलेल्या. मी स्वतःला सांगायची की चीरघरामुळे. त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, हे मला माहीत होतं, आणि कप नक्की कशामुळे वेगळा होता हे आज या वयात मला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. भाऊ कप धुवून, पालथा घालून जायचे.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येते. मी बोलत सुटले की असंच होतं, मूळ गोष्ट राहून जाते.

रविवारी सकाळी नागपूरच्या सदर भागातल्या एका टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागायचा. त्यातला भुताखेतांचा एकही भाऊंनी सोडला नाही. जुन्या, काळ्यापांढऱ्या, पावसासारख्या रेघा पडणाऱ्या फिती. प्रत्येक सिनेमा दोनदा पाहायचे. एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. मिटून काय पाहता म्हटलं, तर म्हणाले, "कोन कोनाले बोलू देऊन नाई राह्यला, ते डोळे मिटले की ऐकू येते."

ती इंग्रजी नावं काही माझ्या जिभेवर बसली नाहीत. मग आम्ही आमचीच नावं ठेवली. मुडद्यांचे तुकडे जोडून ज्याला केलं तो टाकेवाला. रक्त पिणारा तो सरदार. चिंध्या गुंडाळलेला, हजारो वर्षांचा, तो पट्टीवाला. आणि पुनवेला ज्याच्या अंगावर केस उगवतात तो लांडगोबा. माझ्या दारात बसून या चौघांची अशी चर्चा चालायची, जशी बायका जावांची करतात.

जीव होता तो टाकेवाल्यावर. पहिल्यांदा पाहून आले तेव्हा चिडलेले होते. "कपाळावरचे टाके पाह्यले का, वयनी? दाभणाचे! ज्यानं हे केलं तो एवढा शिकेल डॉक्टर, अन टाका आमच्या चीरघराचा?" मग जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, "तो बोलतच नाई. नुसता घशातून आवाज काढते. मले वाटून राह्यलं, याची बोली कोनीतरी काढून घेतली."

एवढ्यावरून त्यांनी पुस्तक शोधलं. मॅट्रिकला इंग्रजीतच तीनदा नापास झालेला माणूस! सदरमध्ये एक रद्दीवाला होता, साहेबलोक सोडून गेले तेव्हाची पुस्तकं ठेवणारा. तिथून पुठ्ठा फाटलेलं एक आणलं, शब्दकोश घेतला, आणि पावसाळ्यात बसले ते होळीपर्यंत वाचत होते. रोज अर्धं पान. आणि जे समजलं ते मला येऊन सांगायचे.

"वयनी, पुस्तकात तो बोलते! असा बोलते की आपल्या वकिलालेबी नाई येनार. अन हे कोनी लिवलं, माहीत हाय का? एका पोट्टीनं. अठरा-एकोनीस वर्साची. बाहेर पानी थांबत नव्हतं, घरात मंडळी बसली होती, पैज लागली की सगळ्यायनं भुताची गोष्ट लिवाची. मोठमोठे लिवणारे होते तिथं. जिंकली ही."

मग त्यांनी मला तो भाग सांगितला. टाकेवाल्याला ज्यानं बनवलं तोच त्याला पाहून पळून गेला. नावसुद्धा ठेवलं नाही. मग तो रानात एका झोपडीच्या कुडाला लागून लपून राहिला. फटीतून आतल्या माणसांचं बोलणं ऐकत बोलायला शिकला, वाचायला शिकला. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवायचा. त्यांना कळायचं नाही कोण ठेवतं. एक दिवस धीर करून आत गेला. घरात म्हातारा एकटा, आंधळा. त्याच्याशी नीट बोलला. मग डोळे असलेले घरी आले.

"मंग?"

"मंग काय, वयनी. काठीनं मारलं."

सुई माझ्या बोटात गेली होती. मी म्हटलं, "म्हंजे तो चांगलाच होता तर."

"नाई," ते म्हणाले. "पुढं तो लेकरू मारते. तेबी पुस्तकात हाय. मी त्याचा मानूस झालो म्हनून लपवत नाई."

हे मला फार आवडायचं त्यांचं. सरदाराबद्दलही तसंच. सिनेमात ऊन लागलं की सरदार जळून खाक होतो. भाऊ म्हणायचे, "झूठ! पुस्तकात तो दिवसाढवळ्या हिंडते. पांढऱ्या मिशा हायेत त्याले. ज्यानं लिवलं तो नाटकाच्या थेटरात मॅनेजर होता, पडदा कधी टाकाचा ते त्याले समजे. या सिनेमावाल्यायले नाई समजत." लांडगोबाच्या मागं असं एकही मोठं पुस्तक त्यांना सापडलं नाही. त्याची त्यांना फार दया यायची. "याले मायबाप नाई. हा नुसता लोकायच्या तोंडातून आला."

मी एकदा विचारलं, तुम्ही चीरघरात राहता, तुम्हाला खरं भूत कधी दिसलं नाही का? हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसता श्वास. "दीक्षा घेतली तवा बापानं घरातले देव नदीत सोडले. त्यायच्यासंग भूतंबी गेले. आता मले भूत पाहाचं असन तर तिकीट काढा लागते."

एका रविवारी टॉकीजमध्ये मशाली घेऊन सारा गाव टाकेवाल्याच्या मागं लागला, आणि भाऊ खुर्चीवरून उठून ओरडले, "पुस्तकात असं नाई!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. बॅटरीवाला आला, दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "अबे, तू काय भुतांचा वकील हाय का?" भाऊ तिथून सरळ माझ्या दारात. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "वयनी, मॅट्रिक नाई झालो, पन आज पदवी भेटली!"

त्यांनीच मला लिहायला लावलं. मी चौथी शिकलेली. मापांची वही सोडून काही लिहिलं नव्हतं. ते सांगायचे, मी मशीनच्या फळीवर वही ठेवून मराठीत उतरवायची. चुकलं तर म्हणायचे, "राहू द्या. उसवून पुन्हा घाला."

आता बाहुल्यांचं सांगायला हवं. इथपर्यंत आले, पण हात जड झाला.

कापडावर टाका जमला, पण माणसाला पोट असतं, गळा असतो, वळण असतं. सपाट कापडावर शिकून ते जमत नव्हतं. मग मीच सुचवलं. उरलेल्या कतरनींच्या बाहुल्या केल्या, हातभर लांबीच्या, आत कापूस दाबून भरलेला. भाऊ त्या घरी न्यायचे, गळ्यापासून पोटापर्यंत चिरायचे आणि शिवायचे. पुन्हा दाखवायला आणायचे, पिशवीत घालून, अंधार पडायच्या आत. मी बोट फिरवून पाहायची. पाचव्या की सहाव्या बाहुलीला मला टाका सापडलाच नाही. भाऊ लिंबू काढून हात चोळत राहिले.

बघणाऱ्यांना वाटायचं, भाऊ नुसत्या सिनेमाच्या गप्पा मारायला बसतात; टाक्याचं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. नवरीचं पोलकं शिवणारी बाई चीरघरवाल्याला टाका शिकवते, हे कळलं असतं तर माझ्या दारात कोण आलं असतं?

आमच्या समोर एक कुटुंब राहायचं, त्यांची चार वर्षांची चिमी. दिवाळीला तिचा फ्रॉक मीच शिवला होता. पिवळा, बारीक लाल फुलांचा. माघात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, पण उशीर झाला होता. त्या फ्रॉकातच तिला स्मशानात नेलं.

महिनाभरानं माकडांनी भाऊंच्या खोलीच्या छपरावरचे कवेलू फोडले. भाऊ कामावर होते. घरमालकीण कुलूप उघडून आत पाहायला गेली आणि किंचाळत बाहेर आली. फळीवर ओळीनं सात बाहुल्या. सगळ्या चिरून शिवलेल्या. आणि त्यातली एक पिवळ्या कापडाची, बारीक लाल फुलांची.

फ्रॉक बेतताना उरलेली ती कतरन होती. कतरनींच्या पोत्यात हात घातला, जे आलं त्याची बाहुली केली. चिमी तेव्हा समोरच्या ओट्यावर खेळत होती.

दुपारचे तीन-चार वाजले असतील. अर्धी गल्ली जमली. "करनी केली!" "लेकरू खाल्लं यानं!" बाहुल्या रस्त्यावर आणल्या, पुस्तकं आणली. एका पुस्तकावर कवटीचं चित्र होतं, ते सगळ्यांना वर धरून दाखवलं. चिमीची आई ती पिवळी बाहुली दोन्ही हातांत धरून बसली होती. रडत नव्हती, नुसती बाहुलीच्या पोटावरून बोट फिरवत होती. टाका शोधत असेल.

तेवढ्यात भाऊ गल्लीच्या तोंडाशी आले. पळाले नाहीत. गर्दी बाजूला झाली, आणि ते मधोमध उभे राहिले.

चिमीची आई म्हणाली, "हे कापड तुह्याजवळ कसं आलं? हे माह्या लेकराचं हाय."

मी माझ्या दारात उभी. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "चोरलं. वयनीच्या कतरनीच्या पोत्यातून."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमीची आई उठली, दोन पावलं आली आणि म्हणाली, "खरं काय वं? यानं चोरलं? का तूच देल्लं?"

आमच्या यांनी मागून माझा दंड धरलेला होता. "गप राह्य," इतकंच म्हणाले. त्यांच्यावर मी ढकलत नाही. दंड त्यांनी धरला होता, मान माझी होती. मी मान हलवली. हो, चोरलं.

मग मारलं. चपलांनी, आणि एकानं सायकलच्या पंपानं. ते खाली बसले, डोकं गुडघ्यांत घातलं, हात तेवढे काखेत घेतले. बोटं मोडू नयेत म्हणून असेल. पुस्तकं आणि बाहुल्या तिथंच पेटवल्या. पिवळी मात्र चिमीच्या आईनं दिली नाही. तिच्या नवऱ्यानं ओढून घेतली आणि आगीत टाकली. भाऊ एकही शब्द बोलले नाहीत. ज्या भुतांची ते रोज वकिली करायचे त्यांच्यासाठी त्यांच्याकडे किती शब्द होते!

त्याच संध्याकाळी ते ट्रंक घेऊन गेले. दवाखान्याच्या आवारातच कुठं खोली मिळाली म्हणे. भाऊंनी सांगितलेलं उतरवायची ती वही मी सिगडीत घातली.

माझं दुकान चाललं. चांगलं चाललं. लोक म्हणायचे, बिचारीच्या दारातून चोरून नेलं त्यानं. माझ्याकडे दुप्पट बायका यायला लागल्या. दवाखाना गल्लीपासून चालत दहा मिनिटं. मी कधी त्या रस्त्यानं गेले नाही, इतवारीला जायचं तरी वळसा घालून जायची. अकरा वर्षांनी आमचे हे गेले, दवाखान्यातच. त्या दिवशी मी तिथल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, चीरघरातला तो मामा? नजर अधू झाली, म्हणून लवकर पेन्शन घेऊन गावी गेला. त्याच्यासारखा हात पुन्हा आला नाही, बाई. लोक मुडदा घेऊन जात अन विचारत, चिरला का नाई?

भाऊंचं गाव कुहीच्या पुढं. बसनं गेले, मग पायी. धानाची कापणी झालेली, अंगणात धान वाळत घातलेलं. भाऊ खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पुतण्या होता, त्याची बायको होती, शेजारच्या दोघी धान पाखडत होत्या. मी आवाजावरून ओळखू येईन म्हणून बोलले, "भाऊ, मी."

"वयनी," ते म्हणाले. "बसा. चहा मांड वं, नागपूरच्या वयनी आल्या."

चहा सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या कपांत आला. मी कप खाली ठेवून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले. म्हटलं, ह्यांना शिवायला मी शिकवलं. बाहुल्या मी केल्या होत्या. ते पिवळं कापड मी दिलं होतं. ह्यांनी चोरलं नव्हतं.

कोणाला काही कळलं नाही. धान पाखडणाऱ्या दोघी हात थांबवून पाहत राहिल्या. पुतण्या म्हणाला, "कोनती बाहुली, बाई?"

म्हणजे त्यांनी इथं कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, "यायले काहून सांगून राह्यल्या, वयनी? इथं कोनी इचारलं?"

मी खाली बसले, तसं तेच पुढं म्हणाले,

"जिनं इचारलं होतं, ती तिकडं हाय. जित्ती हाय ना?"

"हाव."

"मंग पाचची बस हाय," ते म्हणाले. "त्याच्यानंतर नाई."

पुतण्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तीन वर्षांनी भाऊ गेल्याचं कुहीच्या बाजारात जाणाऱ्या एका बाईकडून कळलं.

चिमीची आई आजही माझ्या समोरच राहते. म्हातारी झाली आहे, कमरेत वाकली आहे. तिला अजून वाटतं की तिचं लेकरू करणीनं गेलं. सकाळी ओट्यावर येऊन बसते आणि मला विचारते, "चहा झाला काय वं?" मी झाला म्हणते. कित्येकदा तोंड उघडते आणि उन्हाचं, नळाचं काहीतरी बोलते. हे सगळं मात्र मी तिच्या समोर बसूनच लिहिलं आहे, माझ्या दारात, रोज थोडं थोडं. ती पाहत असते. काय लिहितेस एवढं, म्हणते.

तिला वाचता येत नाही. म्हणूनच लिहायला जमलं.